मामांना ‘कुठं’ विचारू नये

वाघाला, सापाला आणि सरकारला न भिणारी माणसं आमच्या सातारा जिल्ह्यात पैशाला पासरी मिळतील. आमच्या आत्याचे यजमान त्यांतलेच. उसात शिरलेलं रानडुक्कर त्यांनी एकदा नुसत्या शिव्या घालून बाहेर काढलं होतं. पण ‘कुठं निघालात?’ या साध्या सवालाला ते जसे भीत, तसं भिणारा माणूस उभ्या मुलखात दुसरा झाला नसेल. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणतो.

घरातून पाय बाहेर टाकणाऱ्याला ‘कुठं’ म्हणून विचारू नये, हे आपल्यात सगळ्यांनाच ठाऊक असतं. कुणी विचारलंच, तर माणूस जरा कपाळाला आठी घालतो, ‘काढलंस का कुठं?’ म्हणतो आणि चालू लागतो. मामांचं तसं नव्हतं. सवाल कानावर पडला की ते जागच्या जागी वळत आणि घरी येत. पायताण काढून पाय धूत, सोप्यातल्या घोंगडीवर मांडी घालून बसत आणि तांब्याभर पाणी पीत. मग गुळाचा खडा जिभेवर ठेवून तो विरघळेपर्यंत डोळे मिटून थांबत आणि अगदी नव्यानं, जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं, पुन्हा निघत. गावाला हे पाठ होतं. त्यामुळे गावातली माणसं ‘लांब का जवळ?’ एवढंच विचारत आणि मामा ‘लांब’ नाहीतर ‘जवळ’ म्हणून पुढे होत. पण परगावच्या माणसाला हे कोण सांगणार? एका बाजाराच्या दिवशी वेशीजवळ लग्नाचं वऱ्हाड उतरलं होतं. रामरामाबरोबर त्यातल्या एकेकानं मामांना तोच सवाल केला. मामांनी त्या दिवशी इतकं पाणी ढोसलं आणि इतका गूळ खाल्ला, की बाजार उठला तेव्हाही ते घरच्या घोंगडीवरच होते, आणि रात्री भाकरीला नको म्हणाले.

त्यांची मुलगी सांगलीला दिली होती. जावयाची गुळाची अडत. माणूस फार अदबीचा. मामा लेकीकडे जात आणि चौथ्या दिवशी सकाळी काठी घेऊन उठत, की जावई हात जोडून विचारी, “मामा, कुठं निघालासा?” मामा बसत. दुपारी उठत, की जावई अडतीवरून जेवायला आलेला असे आणि पुन्हा तेच. चार दिवसांचे पंधरा होत. मामा घरी परतले की सांगत, “जावई लाखात एक. पर त्येला शकुनाची अक्कल न्हाई.” अक्कल भरपूर होती. लेकीला बाप आणखी थोडा हवासा वाटे, म्हणून तीच नवऱ्याला दारात उभं करी. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, मामा सोडून.

मामा सांगलीला जात ते पायी. कृष्णेच्या काठानं, गावं घेत घेत. चाकावर त्यांचा राग होता. “मोटार गावाच्या अंगावरनं जाती. गाव भेटत न्हाई,” असं ते म्हणत. गाव भेटणं म्हणजे काय, याचे त्यांचे नियम होते. वेशीतून आत शिरायचं, मारुतीला हात जोडायचे, विहिरीचं पाणी चाखायचं, बाजारपेठ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची आणि मग ‘भेटलं’ म्हणायचं. असं वाईपासून सांगलीपर्यंत नदीकाठचं एकही गाव त्यांना भेटायचं राहिलं नव्हतं.

चालताना आत्या मागे असे. आमच्याकडे बाईनं पुरुषाच्या मागं चालायची रीतच आहे, पण मामा त्या रीतीत आपली भर घालत. एकदा निघालं की मागे वळून बघायचं नाही, हा त्यांचा दुसरा नेम. ते समोर बघत बोलत जात आणि मागून ‘व्हय’ ऐकू आलं, की पुढचं वाक्य काढत. वाईच्या वाटेवर आत्या एकदा विहिरीवर पाणी प्यायला थांबली. मामांना पत्ता नाही. मागून घाटाकडे जाणारी कुणी अनोळखी बाई आली. लोणच्यात मीठ कमी पडतं, सून आणायची तर कुठल्या घरातली, हे सगळं मामांनी तिला ऐकवलं. कुणी वडीलधारं बोलतंय म्हणून तीही बिचारी ‘व्हय’ म्हणत राहिली. “दे ती पिशवी हिकडं,” म्हणून मामांनी मागे हात केला आणि तिनं मुकाट्यानं पिशवी दिली. वाईच्या घाटावर पोचल्यावर पिशवीत कुणाच्या तरी तान्ह्याची झबली निघाली, तेव्हा कुठे मामांनी वळून बघितलं.

आत्याला याचा राग नसे. “मी त्यांची पाठच बगत म्हातारी झाले,” असं ती हसत सांगे आणि लगेच, “पर पाठ ताठ हाय,” असंही.

त्यांचा एकुलता मुलगा पलटणीत होता. लढाई लागली आणि तो बोटीत बसून समुद्रापार गेला. लढाई संपली तेव्हा धडधाकट परत आला. रोज संध्याकाळी सोप्यात माणसं जमत आणि तो एडन, अलेक्झांड्रिया अशा बंदरांच्या हकिकती सांगे. सगळे आ वासून ऐकत. मामांच्या डोक्यात मात्र वेगळंच काही चालू असे. “त्या एडनात पाणी गोडं का मचूळ?” ते विचारत. “पेठ किल्ल्याच्या कुठल्या अंगाला? वेस हाय का?” मुलगा अडखळला आणि शेवटी कबूल झाला, की बरंचसं त्यानं ट्रकमधून बघितलं होतं. मामा उठून उभे राहिले. “लेका, येवढा समिंदर वलांडून गेलास आन टरकातनं गाव बघितलंस?” त्यानंतर ते कित्येक दिवस मुलाशी धड बोलले नाहीत. मग एका सकाळी त्यांनी जाहीर केलं, की आपण बोटीनं जायचं आणि आपली बंदरं पायी बघायची. दाभोळ, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, सगळी. “बोट चालंल. तिला चाक न्हाई,” ते म्हणाले. बोटीला खाली पंखा असतो आणि तो फिरतो, असं मुलगा सांगायला गेला. आत्यानं त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

आत्याला समुद्रावर जायचंच होतं. मुलगा बोटीत चढला त्याच दिवशी तिनं नवस बोलला होता, की लेकरू सुखरूप परत आलं, तर भर पाण्यात जाऊन, जोडीनं, समुद्राची ओटी भरीन. लेकरू आलं होतं. ओटी राहिली होती. आणि आता त्याची रजा संपत आली होती, पुन्हा बोटीत बसायचा हुकूम हातात पडला होता. “त्यो पुन्यांदा पाण्यावर जायच्या आत माजं देणं फिटाय पायजे,” असं ती मला म्हणाली आणि तिच्या आवाजात नेहमीचं हसू नव्हतं. तिनं सांगलीहून लेकीकडची हळद मागवली. खण, नारळ आणि कुंकवाची पुडी एका फडक्यात बांधली आणि ते गाठोडं ती उशाला घेऊन झोपू लागली.

मी तेव्हा साताऱ्याच्या एका शाळेत मास्तर होतो. नाताळची सुट्टी होती, म्हणून मलाही बरोबर घेतलं. माझं काम एकच होतं. मामांच्या पुढे धावायचं आणि भेटेल त्याला बजावायचं, की मागून लाल पटक्याचे गृहस्थ येताहेत, त्यांना ‘कुठं’ म्हणून विचारू नका. मामा पाटणवरून घाट उतरून पायी चिपळूणला आले. आत्या आणि मी मोटारीनं. तिथून खाडीतल्या होडीनं दाभोळला. तिकिटं मी काढली. तिकीट देणाऱ्याला मी आधीच समजावलं, तेव्हा त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की म्हाताऱ्याला नव्हे, मलाच कुणीतरी सांभाळून न्यायला हवं. दाभोळला बोटीची वेळ होईपर्यंत मामा किनाऱ्यावरची जुनी मशीद बघून आले, विहिरीचं पाणी चाखून आले आणि “भेटलं” म्हणाले.

बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसांना पडावातून तिच्यापर्यंत नेत. आमचा पडाव निर्विघ्न लागला. मामा बोटीवर चढले, चहूकडे बघितलं आणि एकदम तोंड फिरवलं. वर सुकाणूचं भलंमोठं चाक होतं. त्यानंतर सबंध प्रवासभर ते त्या बाजूला पाठ करून बसले. आत्याचं मात्र बोट हलताच पोट ढवळलं. ती डेकवर लिंबू हुंगत आडवी झाली, गाठोडं छातीशी धरून. “बरं वाटलं की वटी भरू,” एवढंच ती म्हणे. मामा शेजारी बसून तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवीत. बोटीवर पुढे चालायला जागाच नव्हती, म्हणून असेल.

रत्नागिरीला बोटीत बराच माल चढायचा होता. मी पुढे, मामा मागे, असे आम्ही उतरलो. त्यांनी किल्ला, देऊळ आणि पेठ अशा झपाट्यानं उरकली, की मला ठिकठिकाणी माणसांना बजावायला धापा टाकत पळावं लागलं. आम्ही वेळेत परतलो. डेकवर एका मालवणी सोबत्यानं त्यांना कौतुकानं त्याच्याकडची बोली शिकवली, आणि त्यात ‘खंय’ म्हणजे ‘कुठं’, हेही. हे शिकवलं नसतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

विजयदुर्ग आलं तेव्हा आत्याला एकाएकी बरं वाटलं. ती उठून बसली, चूळ भरली, केस सारखे केले. “बोट हलली की भरू वटी. त्यांना बोलीव,” म्हणाली. मी बघतो तर मामा नाहीत. पहिल्याच पडावातून ते उतरले होते. किल्ल्याला हात लावून लगेच येतो, असं शेजाऱ्याजवळ सांगून. आणि त्यांच्या पुढे धावणारा मी, वर डेकवर.

बंदर अगदी समोर होतं. किल्ला पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा, आणि खाली धक्क्यावरची माणसं बोटीवरून स्पष्ट दिसत. थोड्या वेळानं लाल पटका किल्ल्याकडून येताना दिसला. वेळ भरपूर होता. पटका झपाझप पडावाकडे आला आणि थांबला. मग गर्रकन वळला.

“इचारलं कुणीतरी,” आत्या कठड्याला धरून म्हणाली.

पटका एका दगडावर टेकला. कुणीतरी तांब्या आणून दिला.

“पाणी झालं. आता गूळ. खिशात असतोय त्यांच्या.” ती डोळे बारीक करून बघत होती. “उठले. या, या बिगीनं.”

पटका पडावापाशी आला. आणि पुन्हा वळला. आता आमच्याभोवती डेकवरची माणसं जमली होती. मी सगळं उलगडून सांगितलं, तेव्हा काहीजण पोट धरून हसले आणि काहीजण हात हलवून धक्क्याकडे ओरडू लागले, “त्यांना विचारू नका, विचारू नका.” तिकडे धक्क्यावरच्या लोकांना वाटलं, की बोटीवरून या पाहुण्याची चौकशी होते आहे. ते सगळे मामांभोवती गोळा झाले आणि एका सुरात काय विचारू लागले असतील, ते सांगायला नकोच. पटका तिसऱ्यांदा दगडावर बसला. बोटीचा भोंगा झाला.

शेवटचा पडाव माणसं वर पोचवून परत फिरत होता. मी आत्याकडे बघितलं. ती आता हसत नव्हती. “पोरगं पंधरा दिसांनी पाण्यावर जाणार,” ती म्हणाली आणि गाठोडं काखेला मारून शिडीकडे निघाली. माझं ‘थांब, थांब’ तिनं ऐकलंच नाही. वळकटी घेऊन मी तिच्यामागे पडावात उतरलो. पडाववाल्यानं विचारलं, “खंय जातलात?”

“त्या तांबड्या पटक्याकडं,” आत्या म्हणाली.

बोट निघून गेली. डेकवरून माणसं बराच वेळ हात हलवत होती. आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा मामा गुळाचा खडा चघळत होते. त्यांनी आधी बोटीच्या धुराकडे बघितलं, मग आत्याकडे. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता.

“तू का उतारलीस?”

“मग काय, वटी एकटीनं भरू?” आत्या म्हणाली. “मला पाण्यापातूर आणलंसा आन सोता दगडावर बसलासा. उठा आता. मी म्होरं हुते. इचारतील त्ये मला इचारतील. तुमाला कोन कशाला इचारंल?”

आजवर एवढं लांबलचक तिला मामांशी बोलताना मी ऐकलं नव्हतं. मामा उठले. आत्या पुढे, मामा मागे, अशी ती दोघं पडावाकडे गेली. पडाववाल्यानं पुन्हा विचारलं. “भर पाण्यात,” आत्यानं सांगितलं. सवाल तिच्यापाशीच संपला. मामांपर्यंत आलाच नाही. ते पडावात बसले आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की एवढी सोपी युक्ती इतकी वर्षं कुणाला का सुचली नाही.

पडाव खोल पाण्यात उभा राहिला. आत्यानं हळदकुंकू वाहिलं, खण सोडला, नारळ मामांच्या ओंजळीत ठेवला आणि खाली आपली ओंजळ धरली. तिचे ओठ हलत होते. नारळ पाण्यात पडला, जरा पुढे गेला आणि लाटेबरोबर हळूहळू आमच्याकडेच परत आला. आत्याचा चेहरा पांढरा झाला. मामांनी नारळाकडे नीट बघितलं. “ह्येलाबी इचारलं वाटतं कुणीतरी,” ते म्हणाले. “जरा दम खाऊ द्या. निगंल पुन्यांदा.” आणि खरंच, पुढच्या लाटेला तो वळला आणि समुद्राकडे निघून गेला. आत्या हसता हसता रडायला लागली. मीही रडलो, पडाववालाही हसला. मामा तेवढे गंभीर होते.

पुढची बोट दुसऱ्या दिवशी होती. मामा म्हणाले, “बोट कशाला? पाय हाईत की.” मग विजयदुर्गाहून देवगड आणि देवगडाहून मालवण, आमचा बोटीचा प्रवास आम्ही पायी केला. कोकणातल्या माणसांना चालणाऱ्याची चौकशी केल्याशिवाय राहवत नाही. पायवाटेवर, खाडीच्या तरीवर, आंब्याच्या बागेतून, प्रत्येकानं विचारलं आणि पुढे चालणाऱ्या आत्यानं प्रत्येकाला अगदी मुलाच्या पलटणीपासून परतलेल्या नारळापर्यंत सगळं सांगितलं. एवढी माणसं तिच्याशी जन्मात बोलली नसतील. कुणी तिला शहाळं दिलं, कुणी फणसाची साटं. देवगडची पेठ तिला आवडली, म्हणून आम्ही ती दोनदा फिरलो. मामा काही बोलले नाहीत.

बोलले ते मालवणच्या अलीकडे. वाळूत आत्या बरीच पुढे गेली होती आणि आम्ही दोघं मागून पाय उचलत होतो. “ही अशी चालती व्हय रं?” मामा हळूच म्हणाले. मला समजलं नाही. “मला वाटायचं, ही मागं ऱ्हाती. दमती म्हनून. आता बग की, आपल्याला गाठू दिईना झालीया.” थोडं चालल्यावर ते स्वतःशीच म्हणाले, “माज्यासाठनं पाय आखडून चालत हुती ही.”

परतताना गावाची शीव आली तशी आत्या थांबली. पदर सारखा केला आणि वाटेच्या कडेला झाली. मामा पुढे झाले. माणसं बघत होती, रीत ती रीत. पण मामा नेहमीच्या झपाट्यानं गेले नाहीत. वेशीपर्यंत ते मुद्दाम रेंगाळत चालले आणि एकदा, मी डोळ्यांनी बघितलं, त्यांनी मागे वळून बघितलं.

मुलगा पुन्हा पाण्यावर गेला आणि पुन्हा सुखरूप आला. समुद्रानं आपला शब्द पाळला, असं आत्या म्हणे.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आत्या सांगलीला लेकीकडे गेली आणि तिथंच आजारी पडली. निरोप आला तेव्हा मी मामांकडे धावलो. पायी जायला सवड नव्हती. मामा माझ्याबरोबर मोटारअड्ड्यावर आले. मोटारीत चढले. कंडक्टर नवा होता. मी काही बोलायच्या आत त्यानं विचारलं, “आजोबा, कुठं जायचं?” मामांनी त्याच्याकडे बघितलं. “सांगली,” म्हणाले, आणि बसून राहिले. वाटेत त्यांना भेटलेली सगळी गावं खिडकीतून मागे गेली. त्यांनी एकाकडेही मान वळवली नाही.

आत्या माजघरात निजली होती. श्वास वर लागला होता. लेक पायाशी बसली होती, जावई दारात उभा. मामा जवळ गेले, खाली बसले आणि बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग वाकून, अगदी हळू, आम्हाला कुणाला कधी त्यांच्या तोंडून ऐकू आला नव्हता तो सवाल त्यांनी केला.

“कुठं निघालीस गं?”

जावयानं तोंड फिरवलं. आत्यानं डोळे उघडले. तिला सगळं समजलं असावं, कारण तिच्या ओठांवर ते जुनं हसू आलं. मामांनी तांब्यातलं पाणी तिच्या तोंडात घातलं. ती दोन घोट प्याली. त्यांनी खिशातून गुळाचा खडा काढला आणि त्याचा कण तिच्या जिभेवर ठेवला. तो विरघळेपर्यंत ती थांबली. चांगली दिवस कलेपर्यंत. मामा तिचा हात धरून बसले होते.

मग नेमाप्रमाणे ती पुन्हा निघाली. या वेळी तिला कुणी काही विचारलं नाही.